रात्री बोट कुठं लावतात?

एकट्यानं शिडाच्या बोटीतून समुद्र पार करणाऱ्यांचा विषय सोलापुरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. सात रस्त्यावर चहा घेताना असो की शाळेतल्या एखाद्या कार्यक्रमात, कुणीतरी विचारतंच, "ओ सर, मग रात्री बोट कुठं लावतात?" आणि उत्तर माझ्याआधी शेजारचाच देऊन टाकतो, "कुठं म्हणजे? नांगर टाकून झोपत असतील की!"

प्रश्न अगदी रास्त आहे. कोकणचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत धरला तरी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढं. आपलं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि फार तर उजनी. तिथं संध्याकाळी होडी काठाला बांधून माणूस घरी जातो. अरबी समुद्राची सरासरी खोली मात्र अडीच किलोमीटरहून जास्त आहे, आणि छोट्या बोटीवरची नांगराची साखळी-दोरी शे-दीडशे मीटर असली तरी पुष्कळ. किनाऱ्यालगतची उथळ पट्टी संपली की नांगराचा उपयोग संपला. त्यामुळं बोट रात्रभर चालूच राहते, खलाशी जागा असो वा झोपलेला. वारा वाढला, लाटा उठल्या, अमावास्येचा अंधार असला तरी तेच.

दुसरा प्रश्न त्याहून चांगला असतो. वादळ येतंय हे कळलं की सरळ बंदरात का शिरत नाहीत? बंदर अगदी जवळ असेल आणि हवा बिघडायच्या आत गाठता येणार असेल तर शिरतातच. पण एकदा समुद्र खवळला की किनाऱ्याकडं धाव घेणं हा बहुतेक वेळा सगळ्यात वाईट निर्णय ठरतो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडं ढकलतो. शीड फाटलं किंवा सुकाणू मोडलं तर बोट त्याच वाऱ्यानं खडकांवर जाणार. शिवाय पाणी उथळ होत गेलं की लाट उंच होते, तीव्र होते आणि फुटते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर अंधारात तिथून आत शिरणं अनुभवी तांडेलसुद्धा टाळतो. आपल्याकडं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यात माशांच्या विणीचं कारण आहे तसं या खवळलेल्या समुद्राचंही आहे. तेव्हा एकट्या खलाशाला वादळात हवं असतं ते मोकळं पाणी. वारा ढकलत नेईल त्या दिशेला शंभर मैल काहीच नाही, ही त्याच्या दृष्टीनं आनंदाची बातमी. आपल्यासारख्या जमिनीवरच्या माणसांना हे पटायला वेळ लागतो.

आता लाटेकडं येऊ. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोरात आहे, किती तास वाहतोय, आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहत आलाय. तिसरी गोष्ट आपल्याला उजनीवरून समजते. जलाशयावर वाऱ्याला पळायला थोडेच किलोमीटर मिळतात, म्हणून तिथं डोंगराएवढ्या लाटा कधीच उठत नाहीत. पण ज्या उठतात त्या आखूड, उभ्या आणि पाठोपाठच्या असतात. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं निघालेली बोट अशाच अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. लाटेची नुसती उंची पाहून धोका मोजता येत नाही, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

खोल समुद्रावर वाऱ्याला शेकडो मैलांचं मैदान मिळतं. तिथं चार-पाच मीटरची लाटसुद्धा लांबलचक असेल तर बोट तिच्यावर निवांत चढते आणि उतरते. दहा सेकंदांच्या अंतरानं येणाऱ्या लाटांच्या दोन माथ्यांमध्ये सुमारे दीडशे मीटर अंतर असतं आणि त्या तासाला पन्नासहून जास्त किलोमीटर वेगानं धावतात. पण पुढं धावतो तो लाटेचा आकार. पाणी जागच्या जागी गोल फिरून जवळपास तिथंच राहतं. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या भागाएवढी व्हायला लागली की हे गणित बिघडतं. माथा कोसळतो आणि खरंखुरं पाणी पुढं फेकलं जातं. एक घनमीटर समुद्राचं पाणी म्हणजे एक टनाहून जास्त वजन. बोटी उलटतात त्या या फुटणाऱ्या लाटांनी.

हवामानाच्या अंदाजात 'लाटांची उंची ४ मीटर' असं येतं तेव्हा तो सगळ्यात उंच लाटेचा आकडा नसतो. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच समुद्रात रात्रभरात एखादी लाट जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते, आणि ती काही नियम मोडून आलेली नसते. वाऱ्याची दिशा बदलली की जुन्या लाटा एका बाजूनं चालू राहतात, नव्या दुसऱ्या बाजूनं उठतात, आणि दोन्ही एकमेकींवर चढतात तिथं पाणी वेडंवाकडं उसळतं. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडं वाहतो. समोरून नैर्ऋत्येचा वारा सुटला की तिथल्या लाटा आखूड आणि भयंकर उभ्या होतात. जगप्रदक्षिणेला निघालेले खलाशी या भागाचा वेगळा अभ्यास करून ठेवतात.

मग बोट उलटायला केवढी लाट लागते? ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटनजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळ घुसलं. ३०३ बोटी निघाल्या होत्या, त्यांतले १५ खलाशी गेले. त्यानंतर बोटींच्या प्रतिकृती टाकीत सोडून पद्धतशीर चाचण्या झाल्या आणि एक ढोबळ हिशेब हाती आला. फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या ३० टक्के उंच असेल आणि कुशीवर आदळली, तर काही बोटी उलटतात. ६० टक्के असेल तर जवळपास कुठलीच बोट टिकत नाही. ३२ फुटी बोटीसाठी हे आकडे साधारण १० आणि १९ फूट होतात, ५६ फुटी बोटीसाठी १७ आणि ३४ फूट. अख्ख्या हिशेबात महत्त्वाचा शब्द आहे 'कुशीवर'. तीच लाट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, किंवा मागून सरळ आली तर बोट बरीच जास्त सोसते. वादळातल्या सगळ्या युक्त्यांचं मूळ इथंच आहे: फुटणाऱ्या लाटेला बोटीची कूस मिळू द्यायची नाही.

उलटली तरी समुद्री बोट बहुधा परत सरळ होते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस पाहा: सगळं वजन डोक्याच्या वर, आणि ते उभं राहतं ते फक्त त्याच्या अंगातल्या तोलावर. बोटीत नेमकं उलटं असतं. उंच डोलकाठी वर आणि कित्येक टन शिसं किंवा लोखंड पाण्याखाली, तळाच्या कण्यात भरलेलं. बोट आडवी झाली की ते वजन तिला खेचून उभं करतं. अट एकच, आत पाणी शिरता कामा नये. म्हणून अंधार पडायच्या आत झाकणं, फळ्या, खिडक्या घट्ट बंद.

वर्तमानपत्रांत अशा प्रवासांच्या बातम्या 'लाटांशी झुंज' या मथळ्याखाली येतात. मला तो मथळा पटत नाही. चार-पाच माणसांच्या बोटीवर पाळीपाळीनं कुणीतरी सुकाणू धरून प्रत्येक लाटेला तोंड देऊ शकतं. एकट्यानं ते केलं तर तो सहा-आठ तासांत संपेल, आणि वादळ दोन दिवस चालू शकतं. त्यानं स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: मी आत जाऊन आडवा झालो तर ही बोट माझ्याशिवाय नीट राहील का?

याची सुरुवात उजेडातच होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळं १५ नॉटला छान वाटणारं शीड ३० नॉटला बोटीला लोळवतं. (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५ किलोमीटर.) म्हणून एकटे फिरणारे बरेच जण हवा चांगली असली तरी सूर्यास्ताला शीड एक टप्पा कमी करूनच ठेवतात. थोडा वेग जातो, पण रात्री दोन वाजता डेकवर जायची वेळ वाचते. वायुभार मापकावरचा हवेचा दाब ठरावीक वेळानं वहीत नोंदवायचा; तो झपाट्यानं उतरणं ही वादळाची चाहूल. तीन तासांत ६ हेक्टोपास्कलपेक्षा जास्त उतरला तर तो फार झपाट्यानं पडतोय असं समजतात. सुट्या वस्तू बांधायच्या, कारण केबिनमध्ये उडालेला प्रेशर कुकर डोकं फोडतो. थर्मासमध्ये गरम पाणी भरायचं, मळमळीची गोळी लक्षणं दिसायच्या आधी घ्यायची, आणि हाताशी असं खाणं ठेवायचं की चूल पेटवावी लागणार नाही. इथं सोलापूरकराला एक सूचना करायचा मोह आवरत नाही. हवाबंद डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी! ना फ्रिज, ना आच, आणि आठवडे टिकणार. नौकानयनवाल्यांनी अजून हा विचार का केला नाही, कोण जाणे.

तरीही शीड रात्री कमी करावंच लागलं, तर काय होतं ते जवळून पाहू. वारा १८ वरून २६ नॉटवर गेलाय, बोट एका अंगावर कलंडून धावतेय, सुकाणू जड झालंय. खलाशी आतून वर येतो, पण डोकं बाहेर काढायच्या आधी कमरेच्या-छातीच्या पट्ट्याचा आकडा बाहेरच्या कडीत अडकवतो. बोटीच्या नाळेपासून मागपर्यंत डेकवर एक मजबूत पट्टा ताणून बांधलेला असतो. दुसरा आकडा त्यात, मगच पहिला सोडायचा. ज्या बाजूनं वारा येतोय त्या वरच्या बाजूनं, रांगत, डोलकाठीपर्यंत जायचं. उभं राहायचं नाही. तिथं गुडघे टेकून बसला की शिडाची दोरी सैल सोडायची. शीड फडफडायला लागतं, आवाज इतका की स्वतःचं ओरडणं ऐकू येत नाही. मग शीड वर खेचणारी दोरी आधी करून ठेवलेल्या रंगीत खुणेपर्यंत खाली सोडायची, शिडाच्या पुढच्या कडेचं कडं आकड्यात अडकवायचं, दोरी पुन्हा ताणायची, मागचं टोक आडव्या दांड्यावर खेचून घट्ट करायचं. उरलेलं लोंबतं कापड सकाळी बांधलं तरी चालतं. सरावलेल्या माणसाला दहा मिनिटं. अंधारात हे जमतं कारण त्यानं ते दिवसा, बंदरात, डोळे मिटून केलेलं असतं.

आकड्याचा एवढा सोस का? बोट वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूवर असते. माणूस पडला तरी ती थांबत नाही. पाच नॉटनं जाणारी बोट पोहून गाठता येत नाही, आणि वळवायला तिच्यावर कुणीच नसतं. म्हणून पट्टा इतका आखूड ठेवतात की माणूस कठड्यापर्यंत पोचूच नये. पडल्यावर वाचवणारा पट्टा वेगळा, पडूच न देणारा वेगळा. एकट्यासाठी दुसराच कामाचा.

डोळ्यांचंही सांभाळावं लागतं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोतानं ती सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून आत मंद लाल दिवा. लाल उजेडानं अंधारात पाहणारी दृष्टी फारशी बिघडत नाही. रात्री क्षितिज दिसत नाही, लाट दिसते ती जवळ आल्यावर, तीही माथ्यावरच्या पांढऱ्या फेसामुळं. वाऱ्याची दिशा दोन्ही कानांवर सारखा आवाज येईपर्यंत तोंड फिरवून कळते. अंधारात प्रत्येक लाट असते त्यापेक्षा मोठी भासते, म्हणून अनुभवी लोक मनाऐवजी वाऱ्याच्या मापकावर आणि बोटीच्या वागण्यावर विश्वास ठेवतात.

शीड कमी करूनही भागत नसेल तर तीन मुख्य मार्ग उरतात. पहिला म्हणजे बोट जवळपास उभी करणं. पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला ठेवायचं, म्हणजे ते नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं. मागचं आखडलेलं शीड आणि बांधून ठेवलेलं सुकाणू तिला परत वाऱ्याकडं वळवतं. दोघांची ओढाताण एकमेकांना मारते आणि बोट वाऱ्याला तिरकी राहून एक-दोन नॉटनं हळूहळू बाजूला सरकत राहते. सरकताना वाऱ्याकडच्या बाजूला भोवऱ्यांचा एक गुळगुळीत पट्टा सोडते. त्यामुळं येणाऱ्या लाटा थोड्या मवाळ होतात. आतला फरक तर विश्वास बसणार नाही असा असतो: आपटणं थांबतं, चहा करता येतो, झोपता येतं. माझ्या मते एकट्या माणसानं शिकायची पहिली युक्ती हीच. मात्र जुन्या पद्धतीच्या लांब कण्याच्या जड बोटी यात जेवढ्या शहाण्यासारख्या वागतात तेवढ्या नव्या हलक्या बोटी वागत नाहीत. आपली कशी वागते ते बऱ्या हवेत तपासून ठेवायचं.

दुसरा मार्ग वारा पाठीवर घेऊन पळण्याचा. वाऱ्याबरोबर धावल्यानं त्याचा जोर कमी वाटतो, पण वेग वाढला की बोट लाटेच्या उतारावरून घसरते, नाळ खालच्या पाण्यात घुसते आणि मागचा भाग गर्रकन फिरून बोट कुशीवर येते. म्हणून मागं काहीतरी ओढत ठेवून वेग मारतात. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, जाड दोरखंड मागं सोडून दक्षिणेच्या समुद्रातून निभावून निघाला. त्याची ३२ फुटी 'सुहेली' बांधली गेली होती आपल्या मुंबईत. फास्टनेटनंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी विमान अभियंत्यानं यात सुधारणा केली. एका लांब दोरावर शंभराहून जास्त छोटे कापडी शंकू आणि टोकाला वजन. एखादा शंकू लाटेत सैल पडला तरी बाकीचे धरून असतात, त्यामुळं झटका बसत नाही. एकदा सोडला की खलाशानं आत जाऊन फळ्या लावायच्या आणि पट्टे बांधून पडून राहायचं. परत ओढून घेताना कंबर मोडते, ते वेगळं.

तिसऱ्यात पाण्यातली मोठी छत्री नाळेवरून सोडून बोटीचं तोंड लाटेकडं धरून ठेवतात. तिचे दोर घासून तुटू नयेत याची फार काळजी घ्यावी लागते, म्हणून एकट्यांमध्ये ती तुलनेनं कमी आवडती. सगळी शिडं उतरवून बोट नुसती सोडून देणं हा मार्ग सोपा दिसतो, पण तशी बोट कुशीवरच पडून राहते.

आता झोप. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक जहाजावर सतत पहारा हवा. एकटा माणूस झोपला की तो नियम मोडतोच, हे सरळ मान्य करायला हवं. त्यावरचा व्यवहारी तोडगा म्हणजे पंधरा-वीस मिनिटांच्या डुलक्या. हा आकडा हवेतून आलेला नाही. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा किमान ६ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे, आणि २० नॉटनं येणारं जहाज तेवढं अंतर १८ मिनिटांत कापतं. जहाजांची ओळख आणि जागा सांगणारी एआयएस यंत्रणा, रडारचा भोंगा यांमुळं खोल समुद्रात थोडी जास्त झोप मिळते. किनाऱ्याजवळ मासेमारी नौका आणि जाळी असतात तिथं यंत्रावर विसंबता येत नाही. झोप अगदीच तुटली की डोकं खेळ खेळतं. जगाला एकट्यानं पहिली प्रदक्षिणा घालणाऱ्या जोशुआ स्लोकमला १८९५ मध्ये वादळात, पोटदुखीनं बेजार असताना, सुकाणूवर कोलंबसच्या काळातला एक खलाशी उभा दिसला होता. स्लोकमच्या बाबतीत तो पाहुणा निरुपद्रवी निघाला. झोपेविना माणूस चुकीची दोरी सोडतो किंवा आकडा अडकवायचं विसरतो, ते जास्त धोक्याचं.

आणि सगळं नीट करूनही कधीकधी समुद्र भारी पडतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं जगप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच बोट कुठंही न थांबता फिरवून आणली. म्हणजे अनुभवात कमी असं काही नव्हतं. तरी सप्टेंबर २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' या एकट्यानं करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत 'सुहेली'चीच प्रतिकृती असलेली त्यांची 'तुरिया' दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, डोलकाठी गेली आणि पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना उभं राहता येत नव्हतं. ते तरंगत्या बोटीतच पडून राहिले, संदेश पाठवत राहिले, आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. याच स्पर्धेच्या पुढच्या शर्यतीत, २०२३ मध्ये, ते दुसरे आले.

बोट तरंगतेय तोवर ती सोडायची नाही, हे फास्टनेटनं शिकवलं आहे. त्या रात्री लोकांनी सोडलेल्या २४ बोटींपैकी १९ नंतर पाण्यावर सापडल्या. बोटीवरच्या संकट-इशारा यंत्राचं बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवरचा इशारा उपग्रहातून जमिनीवर येतो. आपल्याकडं तो बंगळूरूच्या केंद्रामार्फत तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्राकडं जातो. किनाऱ्यावरच्या माणसानं समुद्रात कुणी अडचणीत आहे असं कळवायचं असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

वादळ सरतं तेव्हा वारा आधी पडतो, लाटा मागाहून. मधल्या काही तासांत शिडात जोर नाही आणि खाली पाणी उसळतंय, त्यामुळं बोट वादळातल्यापेक्षा जास्त हेलकावते. थकलेला माणूस नेमका याच वेळी घाईनं सगळी शिडं चढवायला जातो. आधी तळाशी साचलेलं पाणी उपसायचं, दोर कुठं घासलेत ते उजेडात हातानं चाचपून पाहायचं, डोलकाठीच्या तारांच्या पिना जागेवर आहेत का बघायचं, काहीतरी गरम खायचं. जवळपास जहाज नसेल तर एक डुलकी काढायची, आणि मग एकेक टप्पा करून शीड वाढवायचं.